नाव आणि ओळख

लहानपणी मिळालेले पक्ष्यांचे सचित्र पुस्तक पुष्कळ घरांतून अजून जपलेले असते, आणि परसातील पक्षी त्यातील चित्रांशी ताडून पाहण्याची सवय वयाबरोबर सुटत नाही. चित्र जुळले, नाव सापडले, की मन तृप्त होते व दृष्टी दुसरीकडे वळते. ही तृप्ती ज्ञानाची म्हणावी की निव्वळ मालकीची?

मालकी हा शब्द आम्ही उगाच योजलेला नाही. एके काळी पक्षी ओळखणे म्हणजे तो मारून हाती घेणे, असाच शास्त्राचा परिपाठ होता. काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या ह्यूमसाहेबांनी 1885 मध्ये ब्रिटिश म्युझियमला जो संग्रह दिला, त्यात पक्ष्यांची 60,000 हून अधिक कातडी होती! सलीम अलींच्या आयुष्याचा आरंभही बंदुकीनेच झाला. 1908 च्या सुमारास त्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती कोण हे विचारण्यास तो मेलेली चिमणी घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. त्याच मुलाने पुढे 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरील जे पुस्तक प्रसिद्ध केले, ते हाती असता पक्षी फांदीवरच राहू देऊन त्याचे नाव विचारता येते.

त्या पुस्तकाची एक रीत विचार करण्याजोगी आहे. अमुक पक्षी चिमणीएवढा, तमुक बुलबुलाएवढा किंवा मैनेएवढा, अशी तेथे आकाराची मापे दिलेली आहेत. म्हणजे अपरिचिताकडे जाण्याची वाट रोजच्या परिचितावरून जाते. ज्याने दारची चिमणीच कधी न्याहाळली नाही, त्याला हे माप काय कामाचे?

नावाची थोरवी आम्ही नाकारीत नाही. काळापांढरा दयाळ आणि त्याच्यासोबतची करडी मादी ही एकाच जातीची, हे पुस्तकावाचून सहसा ध्यानी येत नाही. दुपारचा तो एकसुरी 'टुक् टुक्' तांबटाचा, हे कळले म्हणजेच डोळे पानांत शिरतात. परंतु चित्रातील दयाळ हा जातीचा प्रतिनिधी असतो; परसातील दयाळ हा एकटा, विशिष्ट जीव असतो. तो हिवाळ्यात बहुधा मुका का राहतो, विणीच्या दिवसांत पहाटे कोणत्या कौलावर बसून गातो, भिंतीच्या कोणत्या भोकात घरटे करतो, हे समासातील पेन्सिलीच्या खुणेला ठाऊक नसते. त्यासाठी पुस्तक मिटून ओट्यावर बसावे लागते, आणि तेही बराच वेळ.