पुढची चार हात जमीन

सकाळी टेकडीवर येणाऱ्या बऱ्याच जणांच्या कानात आता प्रवचन असतं. कुणी ज्ञानेश्वरीवरचं निरूपण ऐकतं, कुणी मोबाइलमधल्या आवाजाच्या सूचनांप्रमाणे श्वास मोजत ध्यान करतं. चालता चालता मन निवावं ही इच्छा खरी आहे, चांगलीही आहे. पण चालणाऱ्यानं लक्ष कुठं ठेवावं, याचा आपल्याकडे फार जुना आणि फार बारीक विचार झालेला आहे.

जैन साधूंच्या पाच समितींमधली पहिली ईर्यासमिती, म्हणजे चालण्याचा नियम. उजेड असताना चालावं, मळलेल्या वाटेनं चालावं, पुढची चार हात जमीन डोळ्यांनी पाहत चालावं. चालताना मन विषयांमागे जाऊ देऊ नये, हे तर कुणीही सांगेल. उत्तराध्ययन सूत्र त्याच्याही पुढे जातं आणि चालताना स्वाध्याय सोडायला सांगतं. पठण, शंका विचारणं, उजळणी, चिंतन, धर्मकथा, सगळंच. ज्यानं उभं आयुष्य शास्त्राला वाहिलं, त्याला सांगितलंय की पाऊल उचललंस की शास्त्रही बाजूला ठेव, कारण त्या पावलाखाली कुणाचा तरी जीव असेल. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. धर्मग्रंथानं स्वतःला इतकं मागं घ्यावं आणि मुंगीला पुढं करावं, याहून मोठी करुणा मला सुचत नाही.

वारकरी अभंग म्हणत चालतात, हे खरं. पण दिंडी ठरल्या रस्त्यानं जाते. टेकडीवर वाट आपण निवडतो.

वर्षावासाची कथाही याच विचारातली आहे. बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात असताना लोकांनी तक्रार केली की भिक्षू भर पावसात हिंडतात, कोवळं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव मारतात. पाखरंसुद्धा या दिवसांत घरटी बांधून एका जागी राहतात, असंही ते म्हणाले. बुद्धांनी ही तक्रार ऐकली आणि पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. त्याच बुद्धांनी चंक्रमणाचे, म्हणजे येरझाऱ्या घालत करायच्या ध्यानाचे पाच फायदे सांगितलेत. लांबच्या प्रवासाची ताकद येते, साधनेला बळ मिळतं, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं, आणि चालताना साधलेली एकाग्रता पुष्कळ टिकते. आपण हे फायदे तेवढे उचलले. गवताची तक्रार विसरलो.

चालण्याचं ध्यान माझ्या शांततेपुरतं असेल, तर मला ते अपुरं वाटतं. आषाढात आपल्या टेकड्यांची जमीन नुसती वळवळत असते. मखमली लाल मृगाचे किडे, वाणी, गांडुळं, गोगलगायी, अंडी तोंडात धरून निघालेल्या मुंग्या. त्यांना चुकवत चालायचं तर वेग आपोआप उतरतो. श्वास मोजावा लागत नाही. मन भरकटलं, की पुढचं पाऊल कुठं पडणार हेच कळेनासं होतं, आणि ते लगेच ध्यानात येतं. एकाग्रतेचा इतका रोकडा हिशेब बैठकीवर मला कधी मिळाला नाही.

नोकरीधंदा असलेल्या आपल्याला चार महिने एका जागी बसणं जमणार नाही. मग या चातुर्मासात निदान एवढं करावं. कानातलं काढून ठेवावं. चिखल चुकवायला गवतातून नवी वाट पाडू नये. बूट भरले तर भरू द्यावेत. चौघं असलो तरी एकामागं एक चालावं. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, तर तिची अंडी किंवा पिलं जवळपास आहेत असं समजून आल्या वाटेनं मागं फिरावं, फेरी अर्धी राहिली तरी.