तौबा आणि सातबारा

मुळशी तालुक्यात पिरंगुट, भरे, घोटवडे हा भाताच्या खाचरांचा पट्टा. हिंजवडीला आयटी पार्क आले, कारखाने वाढले, आणि एकराची भाषा बोलणारी माणसे गुंठ्याचा भाव सांगू लागली. शहरालगतच्या अशा गावांत भाव चढला की भावांना बहिणीची आठवण होते, ती हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरती! हे सर्वच समाजांत चालते. पण आपली अडचण जास्त आहे. सूरह निसाने मुलीचा हिस्सा स्पष्ट ठरवून दिला आहे. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली, हे खरे. पण कुरआनने ती वगळल्याचे आपण कोठे वाचले?

त्याच सूरहमध्ये, वारसाहक्काच्या आयतींनंतर थोड्याच अंतरावर तौबेचा विषय येतो. लवकर मागे फिरणाऱ्याची तौबा कबूल. मृत्यू दारात आल्यावर केलेली नाही. आपण मात्र बहिणीचा हिस्सा पचवतो, उमरा करून येतो आणि मन हलके झाल्याचे सांगतो. मन इतके निबर होणे हीच खरी अधोगती.

इमाम नववींनी तौबेच्या तीन अटी सांगितल्या: गुनाह सोडणे, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय. माणसाचा हक्क मारला असेल तर चौथीही, तो परत करणे. 'तिने राजीखुशीने सही दिली,' असे आपण म्हणतो. माहेर तुटेल या धास्तीने दिलेली सही राजीखुशीची कशी? जमीन शिल्लक असेल तर सातबाऱ्यावर तिचे नाव लावता येते. विकली असेल तर हिश्श्याची रक्कम देता येते. ती हयात नसेल तर तिच्या वारसांना.