उत्प्रेरक आणि कर्तृत्वाचा निवाडा

आपल्या भोवतालच्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा असला, तरी त्यातील दोन अणूंमधला तिहेरी बंध इतका चिवट आहे की तो तुटल्यावाचून पिकाला त्यातले काहीही घेता येत नाही. आणि हाबर व बॉश यांची, १९१३ साली जर्मनीतील ओपाऊ येथे कारखान्यात उतरलेली पद्धत तो बंध तोडते खरी, पण त्यासाठी तिला चार-पाचशे अंश उष्णता, शे-दोनशे वातावरणांचा दाब आणि बहुतांशी नैसर्गिक वायूतून काढलेला हायड्रोजन लागतो. म्हणून वीज आणि पाणी यांच्या बळावर, साध्या उष्णतामानात, योग्य उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर अमोनिया घडवावा, ही आकांक्षा मला धर्म्य वाटते.

परंतु विद्युत्घटात अशा रीतीने निर्माण होणारा अमोनिया बहुधा इतका अत्यल्प असतो की संशोधकाचा उच्छ्वास, त्याचे हातमोजे, खोलीतली हवा यांतून शिरलेला अमोनियाही सहज तेवढा भरतो. तेव्हा पात्रात सापडले ते उत्प्रेरकाचे कार्य, की शोधणाऱ्यानेच नकळत आत नेलेले द्रव्य? एका वस्तूचे धर्म दुसरीवर लादण्याला शंकराचार्यांनी अध्यास म्हटले, आणि गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगून, एकट्या स्वतःला कर्ता समजणाऱ्याची दृष्टी सदोष ठरवली आहे. या विचारांचा इतका रोकडा दाखला मला अन्यत्र आढळलेला नाही.

निवाड्याची कसून मांडलेली रीत २०१९ साली ‘नेचर’मधील एका निबंधात आली. घटात वस्तुमानांक १५ असलेला जड नत्र सोडावा आणि चुंबकीय अनुनादाचा आलेख पाहावा: नेहमीच्या नत्राचे अमोनियम तेथे तीन शिखरे उमटवते, जड नत्राचे दोन. मात्र विकतच्या जड नत्रातही अमोनिया आणि नत्राची ऑक्साइडे मिसळलेली आढळली असल्याने तोही आधी स्वच्छ करून घ्यावा लागतो. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध नसून अन्य साधनाने पारखावे लागते, असे मीमांसकांविरुद्ध हिरिरीने मांडणाऱ्या नैयायिकांना ही खबरदारी मुळीच परकी वाटली नसती.

सेंद्रिय द्रवात लिथियमचा थर बसवून नत्र बांधून घेणारी पद्धत या तपासणीत टिकली, पण तिला विजेचा व्यय भारी पडतो. हा व्यय आटोक्यात येईपर्यंत, नत्राऐवजी आर्गॉन सोडून तोच प्रयोग निमूटपणे पुन्हा करणारा, आणि तरीही अमोनिया निघाला तर आपला दावा मागे घेणारा संशोधक, मी सत्याच्या उपासकांतच मोजतो. त्याच्या त्या निष्फळ फेरीची नोंद यशस्वी प्रयोगाच्या शेजारीच छापली जावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.