गुणांची अट आणि न्याय

अमेरिकेत फुटबॉल (तिकडचा, चेंडू हातात घेऊन धावण्याचा) विद्यापीठाच्या पहिल्या श्रेणीत खेळायचा, तर शाळेचे १६ मुख्य अभ्यासक्रम आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते. त्यांतले १० शेवटच्या वर्षापूर्वीच पूर्ण हवेत. प्रवेशपरीक्षेच्या गुणांची अट २०२३ मध्ये गेली, ते बरेच झाले.

हा नियम आम्हांला अन्यायाचा वाटत नाही. गुडघा निकामी झाला, तर हाताशी विद्या हवीच. पण सामने जिंकून देतो म्हणून ज्याला मोठ्यांनी वर्षानुवर्षे वरच्या वर्गात ढकलले, तो मुलगा सतराव्या वर्षी रात्र रात्र बीजगणित घेऊन बसतो. चूक अनेकांची असते, प्रायश्चित्त मात्र तो एकटा घेतो. तो नापास झाला, तर प्रशिक्षक दुसरा खेळाडू शोधतील. नीट वाचता येत नसताना त्याला ज्यांनी पास केले, त्यांना कोणी जाब विचारणार नाही.