नवे बुधले आणि तीन मिनिटांचे गीत

शास्त्रपाठ : मार्क २:१८-२२, ईयोब २:११-१३, २ योहान १२



नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत घालीत नाहीत, हे प्रभू येशूचे शिक्षण आपणांस परिचित आहे. द्राक्षारस आंबू लागला की चामडे ताणले जाते. जुने चामडे फाटते, आणि मग रस व बुधला दोन्ही नासतात. पात्र आणि त्यातील वस्तू यांचा एकमेकांवर परिणाम होतो, हे त्या दृष्टांतावरून ध्यानी येते. नव्या साधनांच्या या युगात त्यावर मनन करू या.

पापनाशम शिवन (१८९०-१९७३) हे भक्तिगीतकार तंजावर जिल्ह्यातील पापनाशम या गावाच्या नावाने ओळखले जातात. कर्नाटक पद्धतीच्या मैफलीत गायक एकच रचना कितीतरी वेळ खुलवू शकतो; परंतु त्या काळच्या ग्रामोफोनच्या तबकडीवर एका बाजूस सुमारे तीनच मिनिटे मावत. पुढे बोलपट आला. कोल्हापुरात उभ्या राहिलेल्या प्रभात कंपनीच्या ‘सीता कल्याणम्’ (१९३४) या तमिळ चित्रपटाच्या संगीतात शिवन यांचा सहभाग होता. त्यांची गीते असलेल्या ‘हरिदास’ (१९४४) या चित्रपटाने मद्रासच्या एकाच चित्रगृहात तीन दिवाळ्या पाहिल्या. यंत्रासाठी गीत आटोपशीर झाले, विस्तार आखडला. पण मैफलीची पायरी न चढलेल्यांपर्यंत ते पोहोचले. उलटपक्षी, संगीतानेही यंत्र बदलविले. दीर्घ रचना मध्येच तुटू नयेत, म्हणून १९४८ साली एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणारी तबकडी आली.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही असेच घडले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले, तेव्हा मराठी अक्षरांचे खिळे तेथे नव्हते. म्हणून ते रोमन लिपीत छापावे लागले. लिपीच्या बाबतीत त्यांनी यंत्रापुढे माघार घेतली, पण लोकांच्या कानांत बसलेली ओवी सोडली नाही. १६४९ व १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. त्या छापील प्रतींपैकी एकही आज ज्ञात नाही. भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींनीच तो ग्रंथ आपल्यापर्यंत आणला.

आज आपला बुधला म्हणजे हातातील मोबाइल होय. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत आशीर्वादाचे वचन सहज मावते. पश्चात्ताप, विलाप व प्रतीक्षा मावत नाहीत. म्हणून हळूहळू आपण जे मावते तेवढेच सांगू लागतो, आणि ऐकणाऱ्यांस तेवढीच सुवार्ता आहे असे वाटू लागते. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भूमीवर एकही शब्द न बोलता बसले. ती शांतता कोणत्या चित्रफितीत मावेल?

योहानाने कागद व शाई नाकारली नाही, पत्र लिहिलेच. तथापि पुष्कळ काही त्याने समक्ष भेटीसाठी राखून ठेवले. आपणही तसेच करू या. वचन पुढे पाठविण्यापूर्वी त्याच्या मागचा-पुढचा भाग स्वतः वाचावा. दुःखी घरी सांत्वनाचा संदेश अवश्य धाडावा. पण त्याच्या मागोमाग आपली पावलेही त्या घराकडे वळावीत.

काय पाठवावे आणि कोठे स्वतः जावे, हे ओळखण्याची सुबुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो. आमेन.