दोष न दिसणे आणि दोष नसणे

एखादी वस्तू दिसत नाही, एवढ्यावरून ती तेथे नाही असे म्हणता येते काय, हा भारतीय ज्ञानमीमांसेतील, म्हणजे ज्ञान कशाने होते व ते कितपत खात्रीचे असते याचा विचार करणाऱ्या शाखेतील, जुना वाद आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी अभावाचे ज्ञान करून देणारे ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले, तर नैयायिकांनी ते ज्ञान प्रत्यक्षातच समाविष्ट केले. तथापि घडा जमिनीवर असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तेव्हाच त्याचे न दिसणे निर्णायक ठरते, ही अट उभय पक्षांना मान्य होती. उजेडात न दिसलेला घडा तेथे नसतो. अंधारात न दिसलेल्या घड्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या शेतात कोसळलेला हौशी ड्रोन पुन्हा उडवावा की नाही, हा प्रश्न याच अटीपाशी येऊन थांबतो. ड्रोनच्या मोटरीत तांब्याच्या तारेची वेटोळी असलेला स्थिर भाग आणि चुंबक बसवलेली, त्याभोवती फिरणारी टोपी यांत अत्यल्प फट असते. दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे चुंबकाकडे ओढले जाणारे लोहखनिज असल्याने त्या पाषाणाच्या झिजेतून आलेले मातीतील बारीक कण या फटीत अडकून राहू शकतात. आस किंचित वाकलेला असू शकतो, चुंबकाचा टवका उडालेला असू शकतो, तारेवरचे विद्युतरोधक आवरण खरवडलेले असू शकते, आणि यांतले काहीही बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेस पडेलच असे नाही.

म्हणून प्रत्येक दोषासाठी त्याला उघड करील अशी परीक्षा योजावी लागते. बॅटरी काढून व पाती उतरवून मोटर बोटांनी फिरवली असता समान अंतराने जाणवणारे हिसके चुंबकांमुळे स्वाभाविक असतात, पण खरखर किंवा अडखळणे हे बेअरिंग बिघडल्याचे अथवा आत कण शिरल्याचे लक्षण होय. मोटरीच्या तीन तारांपैकी एकीचाही धातूच्या सांगाड्याशी विद्युतसंपर्क मल्टिमीटरवर आढळला तर आवरण फाटलेले असते. मात्र वेटोळ्यांचा आपसांत झालेला संपर्क हे साधन सहसा दाखवत नाही, कारण तेथील रोध मुळातच फार अल्प असतो. तो दोष तारा सुट्या केलेली मोटर फिरवताना लागणाऱ्या जादा जोरावरून, किंवा पात्यांविना मंद गतीने चालवल्यावर इतर मोटरींच्या तुलनेत वाढणाऱ्या उष्णतेवरून अनुमानाने जाणावा लागतो.

याच जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाका कुंभारांचे गाव. त्यांनी थापटण्याने, म्हणजे मडके ठोकून घडवण्याच्या लाकडी साधनाने, संतमंडळींची डोकी ठोकून कोण पक्के व कोण कच्चे ते पाहिले, आणि नामदेव कच्चे ठरले, अशी वारकरी परंपरेतील कथा आहे. कुंभाराच्या या परीक्षेत नाद आणि स्पर्श डोळ्यांपलीकडचे प्रमाण होतात. शिवाय कच्चे ठरलेले नामदेव त्याज्य ठरत नाहीत, तर विसोबा खेचर या गुरूंकडे जाऊन पूर्णत्वास पोहोचतात. परीक्षेचे प्रयोजन दूषण देणे नव्हे, पुढची वाट दाखवणे हे आहे. ड्रोनच्या बाबतीतही बेअरिंग बदलण्याइतकीच दुरुस्ती पुरेशी आहे, हे परीक्षेतूनच कळते.

येथे ज्ञानाचा प्रश्न नीतीचा होतो. धाराशिव शहराजवळच्या लेण्यांत पार्श्वनाथांच्या मूर्ती आहेत, आणि ज्या जैन परंपरेच्या त्या मूर्ती आहेत, तिच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. या दृष्टीने पाहता, न तपासलेला ड्रोन याच जिल्ह्यातील तीर्थक्षेत्र तुळजापूरच्या गर्दीवर नेणाऱ्याच्या हातून कोणाला इजा झाली नाही तरी त्याचा प्रमाद उरतोच. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, परंतु कायद्याने दिलेल्या सवलतीमुळे खाली चालणाऱ्याविषयीचे कर्तव्य हलके होत नाही. दोष आढळला नाही असे म्हणण्याचा अधिकार तो आढळावा अशा रीतीने शोधणाऱ्यालाच असतो. तसा शोध जेथे झालेला नाही, तेथे शंका बाळगून उड्डाण थांबवणे हा भित्रेपणा नसून अहिंसेचे आचरण आहे.