रक्तातलं आणि रानातलं

महाल म्हटलं की नागपूरकराला भोसल्यांचे वाडे आठवतात. याच महालात गोंड राजाचा किल्लाही आहे. देवगडच्या बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून हे शहर वसवलं. पुढे भोसले आले, १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि १८६१ पासून नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं. ज्यांच्या राजाने शहर वसवलं, ते गोंड आता शहराला भेटतात ते बहुतेक वेळा ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांच्या रांगेत. सिकलसेल, मलेरिया, टीबी, अंगात रक्त नसलेली गरोदर बाई. आदिवासी इतका आजारी का, या प्रश्नाची उत्तरं गेल्या दीडशे वर्षांत बदलत गेली. त्यातली काही महत्त्वाची उत्तरं नागपुरात आणि नागपूरच्या भोवतालच्या जंगलपट्ट्यात सापडली, याची आपल्याला फारशी जाणीव नाही.

सर्वांत जुनं उत्तर सोपं होतं: दोष त्यांचाच. दारू, अंधश्रद्धा, आळस आणि रानातली वाईट हवा. हे उत्तर सरकारच्याही सोयीचं होतं, कारण त्याच काळात १८७८ च्या कायद्याने जंगल राखीव होत होतं आणि बेवर म्हणजे फिरती शेती करणाऱ्यांच्या हातून जमीन सुटत होती. भूक आणि कायदा यांचा संबंध जोडायला कोणी तयार नव्हतं.

तो जोडला एका इंग्रजाने आणि एका मराठी माणसाने. १९३२ मध्ये व्हेरियर एल्विन आणि शामराव हिवाळे मैकलच्या डोंगरात करंजिया गावी राहायला गेले. त्यांनी दवाखाना उघडला, शाळा काढल्या, कुष्ठरोग्यांची सोय केली. एल्विनचं नाव जगभर झालं. शामराव मात्र आपल्याकडेही फारसे कोणाला ठाऊक नाहीत, याची मला खंत वाटते. औषधं वाटता वाटता एल्विनला दिसलं की तिथल्या बैगा आदिवासींचं दुखणं बाटलीतल्या औषधाने भागणारं नाही. बेवर गेली तशी त्यांची जगण्याची उमेदच गेली. १९४१ च्या एका पुस्तिकेत त्याने हाच मुद्दा मांडला: जंगल, जमीन आणि स्वतःचा रिवाज हिरावला की माणसं आतून खचतात. पाठोपाठ आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या ग्रिगसन या आयसीएस अधिकाऱ्याचा अहवाल १९४४ मध्ये नागपुरातच छापला गेला. जमीन, कर्ज, वेठबिगारी, जंगलखातं असं सगळं त्यात आहे. पण तो वाचला महसूलवाल्यांनी. आरोग्याचा कागद म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

खरं तर हा संबंध युरोपात त्याआधी जवळपास शंभर वर्षं सांगून झाला होता. १८४८ मध्ये रुडॉल्फ विर्को या तरुण डॉक्टरला प्रशियाच्या सरकारने अप्पर सिलेशियात टायफसची साथ पाहायला पाठवलं. तिथली गरीब रयत पोलिश बोलणारी. विर्कोने उपाय म्हणून सुचवलं ते शिक्षण, रस्ते, लोकशाही आणि लोकांच्या भाषेला सरकारी मान. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडिया आदिवासी बाईशी तिच्या भाषेत बोलणारं कोणी दवाखान्यात असावं, ही मागणी त्या अहवालाच्या नात्यातलीच आहे.

स्वातंत्र्यानंतर उत्तराचा रोख रक्ताकडे वळला. १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत सिकलसेलची नोंद झाली आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापला. हे मोठं काम होतं. वर्षानुवर्षं ‘हाडं दुखतात’ म्हणून हिणवलेल्या वेदनेला त्यामुळे नाव मिळालं. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलची पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते, दहा-वीस दिवसांत मरते आणि मरण्याआधी बारीक रक्तवाहिनीत अडकते. जिथे अडकते तिथलं हाड, सांधा, प्लीहा असं काही ठणकतं की मोठा माणूस ओरडतो. अंगातलं पाणी कमी झालं, ताप आला, थंडी बाधली, अतिश्रम झाले की हा झटका येतो. म्हणजे जनुक रक्तात असलं तरी झटक्याचं निमित्त पुष्कळदा बाहेर असतं: विहिरीत, शेतात, मुकादमाच्या हाताखाली. आणि हे जनुक टिकलं कशामुळे? ॲलिसन या संशोधकाने १९५४ मध्ये दाखवलं की ज्याला ते एकाच पालकाकडून मिळालं, त्याला मलेरिया कमी मारतो. मलेरियाच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहण्याचा इतिहासच त्या पेशीत उतरला आहे. रक्ताचा अहवाल शेवटी रानापाशीच येऊन पोचतो.

पुढचं उत्तर गडचिरोलीतून आलं. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लोकांशी बोलून त्यांनी दवाखाना आदिवासी गावाच्या धाटणीचा बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. अभय बंग यांनी त्यांच्यासमोर दगावलेल्या एका बाळाविषयी सांगितलं आहे. त्या एका मृत्यूमागची कारणं ते मोजत गेले, ती अठरा निघाली. गरिबी, गरोदरपणात आईचं आजारपण, उपचार वेळेवर न मिळणं अशी साखळीच. अठरा कारणांवर अठरा उपाय कधी व्हायचे? त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की साखळीची एक कडी तुटली तरी मूल वाचू शकतं. मग गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. ३९ गावांतल्या या घरपोच नवजात सेवेने अर्भकांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं.

हा युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. ‘सामाजिक कारणं’ म्हणत हात वर करणाऱ्यांना तो हलवतो. पण वाचलेलं मूल पुन्हा उरलेल्या सतरा कारणांतच वाढतं, हेही खरं. जागतिक आरोग्य संघटनेने मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २००८ मध्ये याच सतरा कारणांना आरोग्यधोरणाच्या मध्यभागी आणलं: घर, काम, पाणी, शिक्षण, सत्तेतला वाटा. त्याच सुमारास आपल्याकडे २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूचा पैसा गावात येऊ लागला. तो आरोग्याच्या खर्चात कुठे दाखवला जात नाही. माझ्या लेखी तो तिथेच दाखवायला हवा.

जमीन आणि दवाखाना यांचा एकत्र विचार होऊ शकतो, हे याच पूर्व विदर्भात आलेल्या निर्वासितांच्या बाबतीत दिसलं. पूर्व पाकिस्तानातले बंगाली तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, आताच्या चामोर्शी-मुलचेरा भागात वसले. तिबेटींची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ मध्ये अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगड परिसरात झाली. बर्फाच्या पठारावरची माणसं वैशाखाच्या उन्हात आली. पण जमीन, शाळा, दवाखाना यांचा एकत्र विचार करून ती वसवली गेली. हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरात जायचं आणि परतायला गाव असायचं. बंगाली कुटुंबांना जंगल तोडून जमीन दिली गेली, मात्र त्यांच्या जातप्रमाणपत्राचा प्रश्न अजून रेंगाळतो आहे. यात निर्वासितांना जास्त मिळालं अशी तक्रार कोणी करू नये. उपटलेल्या माणसाला जगवायचं तर काय लागतं हे सरकारला तेव्हाच कळलं होतं. शेजारच्या गोंडाला मात्र स्वतःच्या रानाचा कागद मागायचा कायदा मिळायला २००६ उजाडलं.

आता १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे. तपासणी हवीच. हायड्रॉक्सियुरिया हे औषध जवळच्या उपकेंद्रात नियमित मिळालं तर हजारो झटके टळतील. भीती वेगळी आहे. लग्नाआधी सिकलसेल तपासणीची कार्डं जुळवून पाहा, एवढ्यावर सगळा भार आला, तर आजाराची जबाबदारी पुन्हा त्या दोन पोरांवर, त्यातही पोरीवर पडेल आणि ‘दोष त्यांचाच’ हे जुनं उत्तर प्रयोगशाळेचा शिक्का घेऊन परत येईल.

म्हणून तपासणीच्या नोंदीत निकालाशेजारी आणखी काही रकाने हवेत. पाणी किती लांबून आणता? वनहक्काचा पट्टा मिळाला का? वर्षातले किती महिने गावाबाहेर कामाला असता? पावसाळ्यात दवाखान्याचा रस्ता किती दिवस बंद असतो? पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलं आहे. आणि हे प्रश्न केवळ जंगलात विचारून भागणार नाही. आदिवासी आरोग्यावरच्या तज्ज्ञ समितीने २०१८ च्या अहवालात दाखवलं की देशातले निम्म्याहून अधिक आदिवासी आता आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात. नागपुरात मे महिन्यात स्लॅबवर विटा वाहणारा सिकलसेलचा तरुण त्यांतलाच आहे. त्याला दिवसाला पुरेसं पाणी, दुपारी सावली आणि झटक्याच्या दिवशी मजुरी न कापता सुट्टी मिळेल, हे सगळं एकत्र बघण्याचं काम आज आरोग्य खात्याचंही नाही आणि कामगार खात्याचंही नाही. ते कोणाचं, हे अभियानाने आधी ठरवावं.